पोराचा मोर्चा, बापाचा गळा

वामनराव गावंड्यांना ही बातमी त्यांच्या बायकोनं तुरीच्या शेंगा सोलता सोलता दिली. अन् तीही अशी, जसं कोणी सांगावं की आज नळाला पाणी येणार नाही.

"रविवारी कपिलचा मोर्चा हाये यवतमाळले," मैनाबाई म्हणाल्या.

वामनरावांच्या बशीतला चहा थेट धोतरावर गेला. "कोणाचा मोर्चा?"

"कपिलचा. आपल्या पोराचा. त्याच्यासारखे हायेत ना, पोट्ट्याचं मन पोट्ट्यावर, पोट्टीचं पोट्टीवर, त्या साऱ्याह्यचा. जिल्ह्याच्या गावात पहिल्यांदाच निघून राह्यला म्हणते."

आता दुसरा कोणी बाप असता, तर त्याचं डोकं कशावरून फिरलं असतं ते सांगायला नको. वामनरावांचंही फिरलं, पण भलत्याच कारणावरून. ते उठून उभे राहिले, बसले, परत उठले.

"मोर्चा!" ते म्हणाले. "माह्या सख्ख्या पोराचा मोर्चा. अन् मले विचारलं नाही?"

हा राग समजून घ्यायचा तर आधी ह्या माणसाचा गळा समजून घ्यावा लागतो. दारव्हा, दिग्रस, महागाव, ह्या सगळ्या पट्ट्यात मोर्चा काढायचा म्हटलं की आधी पोलिसांची परवानगी काढायची की आधी वामनरावांना गाठायचं, एवढाच काय तो वाद असायचा. कापसाच्या भावाचा मोर्चा असो, एसटी कामगारांचा असो, अंगणवाडीच्या बायांचा असो, नाही तर वेगळ्या विदर्भाचा असो, घोषणा वामनरावांच्याच. माईक त्यांना चालत नसे. "माईक ज्याले गळा नाही त्याच्यासाठी असते," असं ते म्हणत. एकदा सकाळी दारूबंदीवाल्या बायांच्या मोर्च्यात घसा फोडून आले अन् दुपारी दारू दुकानदारांच्या मोर्च्यात उभे राहिले. जेवले दोन्हीकडं. मैनाबाईंनी त्यावरून महिनाभर टोमणे मारले, तर म्हणे, "मांगणी त्याह्यची, गळा माहा. गळ्याले पक्ष नसते."

घरात त्याच गळ्याचा जाच होता. ह्या माणसाला हळू बोलता येतच नाही. आज गावंड्यांकडं भाजी कोणती, हे सगळ्या गल्लीला जेवायच्या आधीच कळायचं.

असा हा माणूस एका गोष्टीवर मात्र दोन वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता.

झालं होतं ते असं. कपिल यवतमाळला औषधांचं दुकान चालवतो. पोरगा साधा, मवाळ, आईवर गेलेला. रस्त्यात मुंगळ्यांची रांग दिसली तर वळसा घालून जाणारा. तो एकदा सुट्टीला आला अन् वामनरावांच्या मागं मागं वावरात गेला. हरभऱ्याला पाणी चालू होतं. धुऱ्याच्या बांधावर उभं राहून त्यानं सांगितलं, "बाबा, माह्यासाठी पोरी पाहू नका. मी पोरीशी लगन नाही करू शकत. मंदार हाये माह्यासोबत. आम्ही दोघं एकाच घरात राह्यतो."

वामनरावांनी ऐकलं. मग पाण्याकडं पाहिलं अन् म्हणाले, "मोटर बंद कर. पाणी पल्याड चाललं."

बस. त्यानंतर तूर कशी आहे, दुकान कसं आहे, थंडी किती आहे, सगळं बोलणं झालं, पण ती गोष्ट निघाली नाही. मंदारही दोनतीनदा घरी येऊन गेला. तो यवतमाळच्या एका वकिलाचा पोरगा, कॉलेजात इतिहास शिकवतो, बोलणं अगदी पुस्तकातलं. वामनराव त्याला "हं" म्हणत. आला की "हं", निघाला की "हं". मैनाबाईंनी मात्र त्यानंतरच्या पहिल्याच दिवाळीला कपिलसोबत मंदारलाही ओवाळलं होतं अन् त्यांच्यापुरता विषय संपवला होता.

"तुमीच सांगा," मैनाबाई आता शेंगांचं टोपलं बाजूला सारून म्हणाल्या, "दोन वर्षांत त्या लेकरासंग तुमी ह्या गोष्टीवर एक शबूद तरी बोलले का? त्याले वाटते, बाबाले आपली लाज वाटते. मंग कोणत्या तोंडानं तो तुमाले बोलावीन?"

लाज? वामनरावांनी मनात चाचपून पाहिलं. लाज नव्हती. मग काय होतं, ते त्यांनाही नीट ठाऊक नव्हतं. चपला घालून ते बाहेर पडले.

बसस्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर बाबूसिंग राठोड सापडला. बाबूसिंग म्हणजे वामनरावांचा मोर्च्यातला सोबती, शेजारच्या तांड्यावरचा. वामनरावांनी घोषणा द्यायची अन् बाबूसिंगनं डफडं बडवायचं, असं जन्माचं ठरलेलं.

"प्राइड म्हणते त्या मोर्च्याले," वामनराव म्हणाले. "म्हंजे काय असन?"

"गर्व," बाबूसिंग म्हणाला. त्याची नात इंग्रजी शाळेत होती.

"गर्वाचा मोर्चा? मंग मांगणी काय हाये?"

"गर्व असल्यावर मांगणी कायची?"

"अबे, मांगणी नाही तं कलेक्टरले निवेदन कायचं देतीन?" वामनरावांचा जीव खरोखर कासावीस झाला. "निवेदनाबिगर मोर्चा म्हंजे नवरीबिगर वरात. कोणी शिकवलंच नाही ह्या पोट्ट्याह्यले. मी असतो तं..."

"पण तुले बोलावलं का?"

"नाही."

"मंग? मान न मान, मैं तेरा मेहमान?"

"मोर्च्याले कायचं बोलावणं बे? मी नुसता पाह्याले जातो. बाजूले उभा राहीन. तोंड उघडणार नाही."

ही प्रतिज्ञा त्यांनी घरी येऊन मैनाबाईंनाही ऐकवली. त्या आधी नुसत्या पाहत राहिल्या. मग असा हसण्याचा उमाळा आला त्यांना, की सोललेले दाणे सगळ्या ओसरीभर झाले. "तुमी! तोंड! उघडणार नाही! अव माय!"

रविवारी सकाळच्या एसटीनं तिघं निघाले. मैनाबाईंनी भला मोठा डबा भरून त्याच तुरीच्या दाण्यांचा सोलेभात घेतला होता, कारण मोर्चा कशाचाही असो, भूक सगळ्यांची सारखी. बाबूसिंगच्या खांद्याला डफडं होतं. वामनरावांनी त्याच्याकडं डोळे वटारले, तर तो म्हणाला, "असंच आणलं. घरी करमत नव्हतं त्याले."

मैदानावर पोहोचले, तर वामनरावांचं काळीजच बसलं. हा मोर्चा? तीसचाळीस पोरंपोरी, दोनचार साडी नेसलेल्या तृतीयपंथी बाया, एक लांबलचक सप्तरंगी झेंडा, अन् सगळे आपले घोळक्याघोळक्यानं उभे. रांग नाही, पुढं कोण मागं कोण ठरलेलं नाही. पण पोरं काय नटली होती! एकानं गालावर रंग ओढले होते, एकीनं शर्ट घालून केसांत गजरा माळला होता. हसत होती, फोटो काढत होती, अन् मधूनच रस्त्याकडं पाहून गप्प होत होती. घरचं कोणी पाहील की काय, ही ती नजर वामनरावांना बरोबर कळली.

कपिलनं त्यांना पाहिलं. आईकडं पाहून त्याचा चेहरा फुलला. मग बापावर नजर गेली. तो दचकला, मान हलवली, अन् वळून झेंड्याची घडी सोडवू लागला. वामनरावांना ते लागलं. चांगलंच लागलं.

मंदार मात्र पळत आला. मैनाबाईंच्या पाया पडला, वामनरावांपुढं जरा अडखळला, मग त्यांच्याही पडला.

"हं," वामनराव म्हणाले.

पण मंदारच्या हातात फलक होते, अन् फलक दिसल्यावर वामनरावांना राहवेना. एकावर कोण्या गोऱ्या साहेबाचं चित्र होतं. "हा कोण?"

"ट्युरिंग, काका. आज आपण जे संगणक वापरतो ना, त्याचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. महायुद्धात शत्रूची गुप्त लिपी फोडायला ह्यानं मोठी मदत केली. पण त्याचं एका पुरुषावर प्रेम होतं. ते उघड झालं तेव्हा त्याच्याच सरकारनं त्याला गुन्हेगार ठरवलं."

"ज्यानं लढाईत साथ देली, त्यालेच?"

"हो. माफी दिली ती साठेक वर्षांनी. तोवर तो केव्हाच गेला होता."

"सरकार कोणत्याबी देशाचं असो, सारखंच असते लेकाचं," वामनराव म्हणाले. दुसऱ्या फलकावर चित्र नव्हतं, नुसतं लिहिलं होतं, 'कोलकाता १९९९'. "अन् हे?"

"आपल्या देशातला असा पहिला मोर्चा. पंधरा जण होते."

"पंधराशे?"

"नाही काका. पंधरा."

वामनरावांनी मनातल्या मनात पंधरा माणसं उभी केली. मोर्च्यातलं त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. हजारांच्या गर्दीत कोणीही चालतो, तिथं कोण कोणाचा चेहरा पाहतो? पण पंधरा माणसं म्हणजे प्रत्येक चेहरा उघडा. बघणारा एकेकाला निरखून बघणार, नाव ठेवणार, घरी जाऊन सांगणार. तरी ती पंधरा निघाली. वामनरावांच्या सगळ्या आयुष्यात पंधरा माणसांत घोषणा द्यायची हिंमत त्यांना झाली नव्हती.

"छाती लागते बे त्याले," ते म्हणाले. मंदारला त्यांनी पहिल्यांदाच 'बे' म्हटलं होतं, बाबूसिंगला म्हणत तसं. मंदारच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं, जसं कोणी त्याला शालच पांघरली.

"अठरा सालापर्यंत आपल्याकडचाही कायदा आम्हाला गुन्हेगार म्हणत होता, काका. मग सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हा गुन्हा नाही. लग्नाचा हक्क अजून नाहीच मिळाला."

"गुन्हेगार? कपिल?" वामनरावांनी पोराकडं पाहिलं. मुंगळ्यांना वळसा घालणारा तो पोरगा झेंड्याच्या दोरीशी झटत होता. "अन् तवा दारव्ह्यात एकानंबी मोर्चा नाही काढला! मी काय मेलतो?"

मोर्चा निघाला. वामनराव ठरल्याप्रमाणे बाजूला, फुटपाथवरून चालत होते. तोंड बंद होतं, पण जीव तळमळत होता. घोषणा इंग्रजी! पुढची पोरगी "लव्ह इज" म्हणे अन् मागचे "लव्ह" म्हणत. आवाज फळांच्या गाड्यापलीकडं जात नव्हता, अन् जिथं जात होता तिथं कोणाला कळत नव्हता.

"काय म्हणून राह्यले गा?" संत्रेवाल्यानं शेजारच्याला विचारलं.

"लविजलव, लविजलव. नवीन साबण आला असन बजारात."

"मंग फुकट काहून नाही वाटून राह्यले?"

वामनरावांनी कपाळावर हात मारून घेतला.

दत्त चौकापर्यंत सगळं बरं चाललं. चौकात वाहनं अडली, बघे जमले, संत्रेवाला अन् त्याचा शेजारीही मागोमाग आले, अन् मोटारसायकलवर बसलेला एक दांडगा पोट्टा ओरडला, "काय बे, वरात हाये का? नवरदेव कोणता अन् नवरी कोणती?"

चौक खदखदून हसला. पुढची पोरगी थांबली. झेंडा धरलेले हात खाली आले. कपिलनं पाहिलं की मोर्चा विस्कटतोय, तसा तो पुढं झाला अन् त्याच्या त्या बारीक आवाजात त्यानं घोषणा दिली, "आमचा हक्क..."

"आमाले द्या" म्हणायचं होतं मागच्यांनी. कोणी म्हटलं नाही. सगळे जमिनीकडं पाहत होते.

घोषणा म्हणजे अर्धी आपली अन् अर्धी लोकांची. आपण फेकायची, लोकांनी झेलायची. चौकात एकट्या पडलेल्या घोषणेइतकं केविलवाणं ह्या जगात दुसरं काही नाही, हे वामनरावांना जितकं ठाऊक होतं तितकं कोणालाच नव्हतं. अन् त्या केविलवाण्या घोषणेमागं त्यांचा पोरगा उभा होता, तोंड उघडं, डोळ्यांत पाणी, पुढचं काही सुचत नाही असा. त्या मोटारसायकलवाल्याला हसू येत होतं. गेली प्रतिज्ञा चुलीत!

ते फुटपाथवरून उतरले, चौकाच्या मधोमध आले, छाती भरून घेतली, अन् इतकी वर्षं ज्याच्यात्याच्या भाऊ-दादा-साहेबांसाठी जे ओरडले होते, ते ओरडले.

"कपिलभाऊ, तुम आगे बढो!"

संत्रेवाल्याच्या हातातून संत्रं सुटलं. मोटारसायकलवाल्याचं हसू जागीच थिजलं. कपिल गर्रकन वळला. पण पोरं नवखी होती, झेलायचं त्यांना कळेना. एक पळ चौक नुसता सुन्न झाला. वामनरावांना वाटलं, हीसुद्धा पडली.

तेवढ्यात मागून एक आवाज आला. चाळीस वर्षं मोर्च्यांना शिव्या घालत आलेल्या, भाताचा डबा कमरेवर घेतलेल्या बाईचा.

"हम तुम्हारे साथ है!"

अन् बाबूसिंगची काठी डफड्यावर पडली. मग काय विचारता! दुसऱ्यांदा वामनराव ओरडले तेव्हा साडीवाल्या तृतीयपंथी बायांनी टाळ्या वाजवत उचललं, तिसऱ्यांदा सगळ्या पोरापोरींनी. चौथ्यांदा तर तो साबणाची वाट पाहणारा माणूसही सवयीनं "साथ है" म्हणून गेला, अन् मग आपण काय म्हणालो म्हणून इकडंतिकडं पाहू लागला. डफडं असं कडकडत होतं की झेंडा आपोआप वर गेला. गजरेवाली पोरगी नाचायलाच लागली.

कपिल बापासमोर येऊन उभा राहिला. "बाबा," तो म्हणाला, "मले वाटलं, तुमाले लाज वाटते माही."

"लाज?" वामनराव खेकसले. हळू बोलायचं त्यांनी मनापासून ठरवलं होतं, पण जमलं नाही, सगळ्या चौकानं ऐकलं. "अबे, लाज नाही रे बह्याडा! मले घोषणाच सापडून राह्यली नव्हती! लोकं मोर्च्याले बोलावते तं कागदावर लिहून देते, वामनराव, हे म्हणा. तुह्या येळी कोणी लिहून नाही देलं. अन् मले माह्या मनानं बोलता येत नाही, माहीत हाये ना तुले? दोन वर्षं झाले शोधून राह्यलो. चुकीचं बोललो तं तुले लागीन, म्हणून बोललोच नाही. चुकलं माहं. पण मोर्च्याले बोलावलं नाही तू मले, ते तुहं चुकलं."

"चुकलं बाबा," कपिल म्हणाला. तो एकाच वेळी रडत होता अन् हसत होता. "आता बोलावतो. द्या घोषणा. आज तुमीच द्या."

वाहतूक पोलीस शिट्टी वाजवत आला. "काका, घरचं घरी बोला ना! रस्ता मोकळा करा!"

"हो, हो, करतो ना साहेब," वामनराव म्हणाले, अन् कोणी न सांगता मोर्च्याच्या पुढं जाऊन उभे राहिले. मागं वळून त्यांनी दोनदोनच्या रांगा लावून घेतल्या, झेंडा पुढं आणवला, कपिलला एका हाताला घेतलं. दुसऱ्या हाताला कोण, म्हणून पाहिलं. मंदार फलक सांभाळत जरा मागं घुटमळत होता. त्यांनी त्याच्या दंडाला धरून त्याला पुढं ओढलं.

दोन्हीकडं दोघं. वामनरावांनी एकदा ह्याच्याकडं पाहिलं, एकदा त्याच्याकडं. अन् दोन वर्षं जी सापडत नव्हती ती घोषणा, कोणी लिहून न देता, तिथंच आली.

"आयका रे पोट्टेहो!" ते म्हणाले. "मी म्हणीन, पोट्टा माहा, जावई माहा. तुमी म्हणान, ज्याले पाह्याचं त्यानं पाहा. समजलं? बाबूसिंग, धर ठेका!"

"जावई?" कपिल उडालाच.

"मंग काय सून म्हणू?" वामनराव गरजले. "दाढी हाये त्याले!"

मैनाबाईंनी पदर तोंडाला लावला. मंदार तर लाजेनं कानापर्यंत लाल झाला होता, अन् हसू काही केल्या आवरत नव्हतं त्याला.

"पोट्टा माहा, जावई माहा!"

"ज्याले पाह्याचं त्यानं पाहा!"

ही मात्र यवतमाळला एका झटक्यात कळली. दुकानांतून माणसं बाहेर आली, गॅलरीत बाया आल्या. कोणी हसलं, कोणी तोंड वाकडं केलं, एका म्हातारीनं वरूनच हात हलवला. मोटारसायकलवाल्यानं गाडी वळवली अन् तो मुकाट्यानं निघून गेला. मोर्चा पुढं सरकला, डफड्यावर, तालात, अगदी खऱ्या मोर्च्यासारखा.

अन् थोडं अंतर गेल्यावर वामनरावांनी एकदम हात वर केला. सगळा मोर्चा थांबला. डफडं थांबलं. कपिलनं बापाकडं पाहिलं.

वामनराव मंदारकडं वळले होते, भुवया चढवून. "तू काय म्हणून राह्यला रे?"

"मी? मी तेच म्हणतोय काका. ज्याला पाहायचं त्यानं पाहा."

"तेच तं! मघापासून कानात खुपून राह्यलं. ज्याला पाहायचं! साऱ्या ठेक्याचा इस्कोट करून राह्यला तू एकटा! ज्याले! ज्याले म्हण! पाह्याचं!"

"ज्याले," मंदार म्हणाला.

"मोठ्यानं!"

"ज्याले पाह्याचं!"

"हां. जावई झाला म्हणून काय चूक खपवून घेऊ का मी?" वामनराव म्हणाले, अन् त्यांनी परत छाती भरून घेतली.